ख्रिस्ती श्रद्धेवर आयुष्याचा पाया घालायचा म्हणजे नक्की काय करायचं?

मुरूम
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मी स्थापत्य अभियंता, वय ३६. माहेर कऱ्हाडजवळ, सासर आणि नोकरी पुण्यात. घरात जोतिबा, खंडोबा, लग्नकार्यानंतर जागरण-गोंधळ. सव्वादोन वर्षांपासून मी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची पुस्तकं, वाचतेय, आणि गेलं वर्षभर दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसतेय. मला कुणी बोलावलं नाही. आमच्या एका साईटवर अपघात झाला आणि एक मजूर गेला. चौकशीत माझी चूक निघाली नाही, पण नकाशावर सही माझी होती. त्यानंतर मला झोप लागेना. त्या दिवसांत ऑफिसच्या कपाटात कुणीतरी सोडून गेलेला नवा करार हातात आला. ओझ्याने वाकलेल्यांनो माझ्याकडे या, अशा अर्थाचं एक वाक्य वाचलं आणि तिथेच बसून रडले.

येशूने सांगितलेली दोन घरांची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल, एक खडकावरचं, एक वाळूवरचं. लूकच्या शुभवर्तमानात ती सांगताना म्हटलंय की तो माणूस खोल खोदत गेला आणि मग त्याने खडकावर पाया घातला. हे खोदणं मला फार जवळचं वाटतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं घर कितीही देखणं असो, भिंतींना तडे जातातच. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. मला आता मुरूम लागलाय असं वाटतं.

पण बाप्तिस्मा घ्यावा का? आईला अजून सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, "तुझं तू बघ, फक्त पोरीला यात ओढू नकोस." मुलगी सात वर्षांची आहे. ज्यांनी हा रस्ता चालून पाहिलाय, किंवा ज्यांच्या घरातून कुणी गेलंय, त्यांनी मोकळेपणाने लिहा. विरोध असला तरी लिहा.

कुपारी
मी वसईचा, वय ५८. आमचा स्नानसंस्कार तान्हेपणी होतो. आईवडिलांनी आणि धर्म-आईबाबांनी आमच्या वतीने "होय" म्हटलं, पुढे दृढीकरणाच्या वेळी आम्ही ते स्वतःच्या तोंडाने म्हटलं, पण खरं सांगायचं तर तेव्हा लक्ष नव्या कपड्यांकडे होतं. त्यामुळे तू छत्तिसाव्या वर्षी हा विचार करतेस याचं मला अप्रूप वाटतं.

घाई करू नकोस हे माझं पहिलं सांगणं. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला लगेच पाणी घालत नाहीत. साधारण वर्षभर तयारीचे वर्ग असतात, सोबतीला मंडळीतलं एक माणूस देतात, आणि मग ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सेत दीक्षा. अंधारात एक मोठी मेणबत्ती पेटते, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या. मी ती रात्र पन्नासएक वेळा पाहिली असेन, आणि प्रत्येक वेळी नव्याने दीक्षा घेणाऱ्यांचे चेहरे पाहून मला माझं "होय" पुन्हा म्हणावंसं वाटतं.

निरीश्वर
मुरूमताई, अपघाताबद्दल वाचून वाईट वाटलं. मी कोणताच देव मानत नाही, म्हणून प्रामाणिक प्रश्न विचारतो. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं जे चांगलं आहे, शत्रूवर प्रेम, उद्याची चिंता नको, दुसऱ्याचा न्याय करू नका, ते देवाशिवाय घेता येत नाही का? तुमच्यावर अपराधीपणाचं ओझं होतं. ते समुपदेशकाकडे जाऊनही उतरलं असतं. इतका मोठा निर्णय दुःखाच्या काळात सुरू झालेल्या गोष्टीवर घ्यावा का?

मुरूम
@निरीश्वर, प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःला विचारलाय. समुपदेशकाकडे आठ महिने गेले, त्याचा खूप उपयोग झाला. झोप परत आली ती तिथेच. पण तिथे मला कळलं की माझी चूक नव्हती. मला मात्र हेही ऐकायचं होतं की चूक असती तरी मला उभं राहायला जागा आहे. क्षमा हा शब्द मला फक्त एका ठिकाणी सापडला. आणि आता दुःख तितकं ताजं नाही, तरी मी दर रविवारी जातेच आहे.

निरीश्वर
उत्तर पटलं असं नाही म्हणणार, पण समजलं.

वारीतला
माझं वय ७१. चाळीस वर्षं आळंदी-पंढरपूर करतोय. पोरी, मी तुला अडवायला आलो नाही. माळ घालताना आम्हीही वचन देतो. मांस-मद्य सोडायचं, एकादशी करायची, वारी चुकवायची नाही. माळ घातली आणि वागणं तेच राहिलं तर गळ्यात नुसतं लाकूड. त्यामुळे वचनाची भाषा मला कळते.

पण एक विचारतो. तुकोबांनी तुला काय कमी केलं? कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, पण आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि पुढे आयुष्यभर अभंगच लिहीत राहिले. म्हणजे पूल त्यांनी तोडला नाही. तुझ्या वाटेवर असा पूल आहे का, की तू थेट उडी मारतेस?

मुरूम
काका, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात राहिला. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. देवाशी भांडायचं, रुसायचं, त्याला आई म्हणायचं, हे मी तिच्याकडून ऐकलंय. बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचताना परकं वाटलं नाही ते त्यामुळेच. पूल आहे, काका. तुकोबांनी काही कमी केलं नाही. मला एका माणसाने हाक मारली, एवढंच मी सांगू शकते.

रोखठोक
गोड गोड चाललंय सगळं. धर्मांतर कसं होतं ते आम्ही गावोगाव बघितलंय. भाकरी, शाळा, औषध दिलं की झाला ख्रिस्ती. आपल्या कुळदेवतेला सोडून परक्या देवाच्या मागे का?

भिंगारकर
@रोखठोक, मी नगरचा. अमेरिकन मराठी मिशन आमच्याकडे १८३१ मध्ये आलं. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे, दुष्काळात मिशनच्या कामावर गेले आणि तिथे त्यांना भाकरी मिळाली. मी ते लपवत नाही. उपाशी माणसाला भाकरी दिली यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. दुष्काळ संपला, भाकरी संपली, तरी आम्ही चार पिढ्या इथेच आहोत. आणि राहण्याची किंमत मोजतोय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. लालूच असती तर हा हिशोब करून माझे आजोबाच परत गेले असते.

परक्या देवाचं म्हणाल, तर आमच्या आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. ती "उपासना संगीत" या आमच्या गीतपुस्तकातली पदं पेटीवर म्हणायची, चाली सगळ्या कीर्तनातल्या. तिच्या येशूला भाकरी-पिठल्याचा वास होता.

आता मुरूमताईंसाठी. ताई, पाया लोकांवर घालू नका. चर्चमध्ये जात संपते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी एका मंडळीतल्या घराने "तुम्ही मूळचे कोण?" असं विचारलं होतं. शंभर वर्षं एका प्याल्यातून प्रभुभोजन घेऊन हा प्रश्न! त्या दिवशी वडील रात्रभर बोलले नाहीत, आणि रविवारी नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "मी त्यांच्यासाठी येत होतो का?" मला पाया कशाला म्हणतात ते तिथे समजलं.

जास्वंद
भिंगारकर, शेवटचा परिच्छेद वाचून पुढे वाचायलाच थांबले.

रोखठोक
भिंगारकर, तुमच्या घराबद्दल मी बोललो नव्हतो. पण ऐकून घेतलं. लालूच देणारे असतात हे माझं म्हणणं कायम आहे.

भिंगारकर
असतात. तशांना मीही दारातून परत पाठवलंय. बऱ्या होण्याची हमी देणारे, औषधं बंद करा म्हणणारे. मुरूमताई, असं कुणी भेटलं तर उठून या.

काळा_कोट
भावनेचं इतरांनी लिहिलंय, मी कागदाचं लिहिते. पंचवीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली केली आहे.

धर्म बदलल्याने तुझं लग्न आपोआप मोडत नाही. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ प्रमाणे जोडीदाराने धर्मांतर केलं हे घटस्फोट मागायचं कारण होऊ शकतं. ते कारण तुला मिळत नाही, नवऱ्याला मिळतं. तो मागणार नाही हे मला तुझ्या लिहिण्यावरून कळतं, तरी त्याच्याशी हे नाव घेऊन बोल. माहेरच्या मिळकतीतला तुझा हक्क धर्म बदलल्याने जात नाही. मात्र हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं हिंदू नातेवाइकांचे वारस होऊ शकत नाहीत, वारसा उघडतो तेव्हा ती हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. तुझी मुलगी आधीच जन्मलेली आहे, म्हणून तिला हे लागू नाही.

मी स्वतः रोज देवपूजा करते. पण येशूनेच म्हटलंय ना, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्च मोजा. म्हणून मोजून दिला.

मुरूम
काकू, कलम २६ मला माहीतच नव्हतं. आज नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "घटस्फोटाचं कारण मिळालंय हे सांगायला बायकोच आली!" आणि मग आम्ही पहिल्यांदा दोन तास नीट बोललो.

मांडवीकाठ
गोव्याचा एक शब्द. आमच्याकडे श्रद्धा निवडण्याचा इतिहास दुखरा आहे. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते १८१२ मध्ये कायमचं गेलं. देवळं पाडली गेली, कित्येक देव नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवले. माझ्या पूर्वजांना निवड होती की नव्हती, मला सांगता येत नाही. मी मात्र आज मनापासून ख्रिस्ती आहे. जबरदस्तीने लावलेल्या झाडालाही गोड फळ येतं हे म्हणायला मला चारशे वर्षांचं ओझं वाटतं, पण खोटं कसं बोलू?

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, लोक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. तिच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू तेल घेऊन येतात. बहिणी वेगळ्या घरात गेल्या, तरी नातं तुटलं नाही. ताई, तुला कुणाचीही जबरदस्ती नाही. आमच्या लोकांना हे भाग्य नव्हतं. ते नीट वापर.

जास्वंद
जरा वेगळं विचारते. कुंकू, मंगळसूत्र याचं काय करतात? माझ्या मैत्रिणीने दीक्षा घेतली तेव्हा तिला सगळं काढायला लावलं होतं.

कुपारी
आमच्याकडे असा नियम नाही. वसईत लुगडं, दागिने, लग्नातली गाणी सगळं आपापलं आहे.

भिंगारकर
आमच्या नगरकडे काळ्या मण्यांचं मंगळसूत्र आणि खाली क्रूस, सर्रास. कुंकवाबद्दल मंडळी-मंडळीत मतं वेगळी. आई लावत नसे, मावशी लावायची, दोघी एकाच चर्चमध्ये.

परतीचा_पाऊस
धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. लिहायला धीर होत नव्हता. मी चोविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, त्याला बावीस वर्षं झाली. घर नांदेडकडे, शेतकरी.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते कुणी करू नये म्हणून सांगतो. गौरी बसल्या होत्या. आईने पुरणपोळीचं ताट पुढे केलं आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो, दगडांना दाखवलेलं मी खात नाही. मला वाटलं मी खरं बोललो. आईने ताट उचललं आणि आत गेली. वडील माझ्याशी नऊ वर्षं बोलले नाहीत. मी त्याला छळ म्हणायचो, प्रार्थनेत लोकांना सांगायचो, माझा छळ होतोय. तो माझाच उद्धटपणा होता हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली. क्षमा शिकवणाऱ्या गुरूच्या नावाने मी पहिलं काम केलं ते आईला घायाळ करण्याचं.

दुसरं. पहिली दोन वर्षं आनंदाची होती. मग आमच्या मंडळीत जागेवरून दोन गट पडले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याच सुमारास माझी प्रार्थना आटली. भिंतीशी बोलल्यासारखं. चार वर्षं. मी रोज सकाळी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणायचो, कारण स्वतःचे शब्द उरले नव्हते. बुधवारी संध्याकाळी आम्ही सहा जण एका शिक्षकाच्या घरी जमायचो, तेवढं चुकवलं नाही. त्या काळात पंडिता रमाबाईंचं एक म्हणणं आधाराला आलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यांनी लिहून ठेवलंय की त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. एवढी विदुषी, आणि आठ वर्षं! मी म्हटलं, मग माझी चार काय.

त्या बाईंनी कधी मान तुकवून धर्म घेतला नाही. इंग्लंडातल्या धर्मगुरूंशी वाद घातले, शाकाहार सोडला नाही, आणि नंतर केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींना घर दिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून झालं, त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांच्याच हातांनी.

ताई, दोन घरांच्या गोष्टीत एक गोष्ट मला उशिरा दिसली. ऐकलेलं दोघांनीही असतं. खडकवाला जास्त भक्तिभावाने ऐकतो असं कुठे नाही. एक ऐकून तसं करतो, दुसरा करत नाही. पाया त्या करण्याचा आहे. बाप्तिस्मा झाला की घर बांधून झालं असं मी समजलो होतो.

वडील शेवटी आजारी होते तेव्हा मी दोन महिने गावी राहिलो. अंघोळ घालायचो, नखं काढायचो. धर्माचा विषय कुणीच काढला नाही. गेले तेव्हा अग्नी धाकट्या भावाने दिला, मी शेजारी उभा होतो. आईने त्या वर्षी गौरींना मला बोलावलं. मी जेवलो. बरोबर केलं की चूक, माझे मंडळीतले दोन मित्र अजून मला विचारतात. मी जेवलो एवढं खरं.

वारीतला
दादा, तुम्ही जेवलात ते बरं केलंत.

काळा_कोट
मी आज कामाला लागू शकले नाही हे वाचून.

घरचा_माणूस
मी दुसऱ्या बाजूचा. बायकोने सहा वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, मी हिंदूच आहे. दीक्षेपेक्षा तिने दोन वर्षं माझ्यापासून लपवलं याचा मला जास्त राग आला. माझ्याच घरात ती बाथरूममध्ये प्रार्थना करत होती. मी इतका वाईट होतो का, हा प्रश्न मला फार दिवस टोचला.

टिळकांचंच बघा. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायको लक्ष्मीबाईंच्या संमतीशिवाय. त्या बाईने काय सोसलं! पुढे १९०० मध्ये त्यांनी दीक्षा घेतली ती नवऱ्याच्या मागून फरफटत नाही, स्वतःच्या विचाराने. आधी त्यांच्या मनातून जात गेली, मग बाकीचं. मला टिळकांची कविता आवडते, पण नवरा म्हणून ते वर्ष मी त्यांना माफ करत नाही. मुरूमताई, आईला बाहेरून कळू देऊ नका.

कुपारी
+१. माझा भाऊ याच्या उलट वाटेने गेला, चर्च सोडून. आईला शेजाऱ्याकडून कळलं. ती जखम तशीच राहिली.

मुरूम
(तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे प्रतिसाद छापून बॅगेत घेऊन कऱ्हाडला गेले होते. काढायची वेळ आली नाही.

आई अंगणात वाल सोलत होती. मीही बसले आणि सोलता सोलता सांगितलं. तिने हात थांबवला नाही. पहिला प्रश्न, "पोरीचं नाव बदलणार का?" नाही म्हटलं. दुसरा, "भाऊबीजेला येणार का?" येणार म्हटलं. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि मी गेल्यावर माझ्या पानाला कोण वाढणार?" मी म्हणाले, दादा आहे. ती म्हणाली, "दादा आहे गं. पण तू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ओढूनताणून दिलं नाही. परतीचा_पाऊस, तुमचं ताट आठवलं म्हणून गप्प राहिले.

रात्री ती स्वतःच आली. अपघाताचं तिला मी कधी पूर्ण सांगितलं नव्हतं, ते त्या रात्री सांगितलं. तिने त्या मजुराचं नाव विचारलं. त्याची बायको कुठे असते ते विचारलं. मी दर महिन्याला तिला भेटते हे ऐकल्यावर म्हणाली, "हे त्यांच्यात शिकलीस का?" मी म्हणाले, शिकतेय. निघताना म्हणाली, "पाण्यात उतरायच्या आधी मला फोन कर. मी येणार नाही. पण कर."

ठरवलंय ते असं. येत्या ईस्टरला नाही, त्याच्या पुढच्या. तोवर वर्गाला जाईन. मुलगी तिची तिची मोठी होईल, तिला मी गोष्टी सांगेन, नवरा त्याच्या सांगेल. वारीतलेकाका, पुण्यात पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा आईला घेऊन दर्शनाला येणार आहे. तिला माउलींच्या पालखीपर्यंत गर्दीत न चेंगरता कसं नेता येईल?

वारीतला
पहाटे चारला या, त्या वेळी रांग कमी असते. आईच्या पायात चपला मऊ असू देत. मी आमच्या दिंडीबरोबर तिथेच असेन, नंबर निरोपात पाठवतो.